पांढऱ्या साडीचा हिशेब

‘वह कौन थी?’ (1964) ची सुरुवात. मुसळधार पाऊस, गाडी चालवणारा डॉक्टर, रस्त्यात पांढऱ्या साडीतली साधना. ती गाडीत बसते आणि काचेवरचे वायपर थांबतात. पुढे स्मशानाचं फाटक आपोआप उघडतं.

हे सगळं भुताचंच सामान. पण राज खोसला यांचा सिनेमा भयपट नाही. शेवटी जुळ्या बहिणी आणि वारशावर डोळा ठेवणारा नातलग निघतो.

मुंबईच्या हिंदी सिनेमानं हा रिवाज बराच काळ पाळला. ‘महल’ (1949) मधली भटकणारी कामिनी माळ्याची मुलगी ठरते, ‘बीस साल बाद’ (1962) मधल्या शापामागेही माणूसच असतो. रहस्यपटात प्रेक्षकाला उत्तर देणं लागतं. कोणी केलं, कशासाठी, कसं? ‘महल’चं उत्तर मात्र हुरहुर संपवत नाही, म्हणूनच तो या तिन्हींत सरस.

भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंनी हे देणं नाकारलं. ‘पुराना मंदिर’ (1984) मधला सामरी खराच सैतान आहे. त्याचं धड एकीकडे, मुंडकं दुसरीकडे, तरी तो संपलेला नाही. इथे खुनी ओळखून काही साधत नाही. तो कोण हे सुरुवातीलाच कळतं, आणि भीती तिथूनच सुरू होते.