प्लेगच्या सालातील दोघे

सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले आपण शाळेपुरत्याच आठवतो. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला. रोग्याला घरची माणसेही शिवायला भीत. बाईंनी दत्तक पुत्र डॉक्टर यशवंतरावांना बोलावून गावाबाहेर माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतले एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून आणले. पोर वाचले, १० मार्चला बाई गेल्या. महिनाभर आधी, ९ फेब्रुवारीस, मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्याच रोगाने गेले होते. दोघेही सत्यशोधक. आम्ही युनियनवाले लोखंड्यांचे नाव घेतो ते रविवारच्या सुट्टीसाठी. सांगलीच्या हळद पेठेत मीही तीस वर्षे हमालीच्या दरावर बोललो. हमालांच्या खोकल्यावर एखादी सभा घेतली असेल-नसेल.