सर्चर्स, द

जॉन फोर्ड यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन वेस्टर्न चित्रपट (१९५६). ॲलन ल मे यांच्या १९५४ सालच्या कादंबरीवरून फ्रँक न्यूजंट यांनी पटकथा लिहिली. छायाचित्रण विंटन होक यांचे. कथा टेक्ससची, चित्रीकरण मात्र बरेचसे युटा-ॲरिझोना सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीतले. त्या तांबड्या सुळक्यांच्या मुलखात शेती कोण करणार, हा प्रश्न फोर्ड यांना पडलेला दिसत नाही.

काळ १८६८चा. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला ईथन एडवर्ड्स (जॉन वेन) युद्ध संपून तीन वर्षे उलटल्यावर भावाच्या घरी येतो. मधली वर्षे कुठे काढली, हे तो सांगत नाही. लवकरच कोमांची टोळी भाऊ, भावजय आणि पुतण्याला ठार करते व भावाच्या दोन मुलींना पळवून नेते. थोरलीचा खून होतो. धाकट्या डेबीच्या शोधात ईथन आणि त्या घरात वाढलेला, अंगात थोडे चेरोकी रक्त असलेला मार्टिन (जेफ्री हंटर) वर्षानुवर्षे भटकतात. डेबी सापडते ती तरुण झालेली, स्कार या कोमांची सरदाराची बायको म्हणून. इथे चित्रपट खरा उग्र होतो: ईथनला आता तिला सोडवायचे नसते, मारायचे असते. मार्टिन त्याच्यासोबत राहतो तो मुख्यतः त्याला अडवण्यासाठी.

चित्रपटातले सर्वांत स्फोटक सत्य कोणी उच्चारत नाही. भावजय मार्था आतल्या खोलीत ईथनचा कोट हातात घेते आणि त्यावरून हळुवार हात फिरवते. बाहेर उभ्याउभ्या कॉफी पिणाऱ्या कॅप्टन क्लेटनच्या (वॉर्ड बाँड) ते ध्यानात येते. तो नजर समोर खिळवून घोट घेत राहतो. एवढ्यावरून दीर-भावजयीचे जुने नाते कळते. ईथनच्या सूडामागे ही जखम आहे, पण वंशद्वेष त्याहून जुना. पुरलेल्या कोमांचीच्या डोळ्यांवर तो गोळ्या झाडतो: डोळे गेले की त्यांच्या समजुतीप्रमाणे आत्म्याला परलोक मिळत नाही. शत्रूचा धर्म त्याला पुरता ठाऊक आहे, तो केवळ विटंबनेपुरता वापरण्यासाठी.

वेन यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत धाडसी अभिनय, तरी चित्रपटाला ऑस्करचे एकही नामांकन मिळाले नाही. प्रतिष्ठा पुढे वाढली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीतील पहिल्या २५ चित्रपटांत त्याची निवड झाली. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘टॅक्सी ड्रायव्हर’वर (१९७६) त्याची छाप स्पष्ट आहे.

वंशद्वेषावर बोट ठेवणारा हा चित्रपट स्वतः त्यातून सुटलेला नाही. स्कारची भूमिका जर्मनीत जन्मलेल्या हेन्री ब्रँडन यांनी केली, कोमांची म्हणून नाव्हाहो लोक उभे केले गेले. मार्टिनच्या गळ्यात नकळत बायको म्हणून पडलेल्या ‘लुक’ या कोमांची स्त्रीला तो लाथेने उतारावरून ढकलतो, तेव्हा प्रेक्षकाने हसावे अशी अपेक्षा आहे. पुढे घोडदळाने उद्ध्वस्त केलेल्या वस्तीत तिचेच प्रेत सापडते. आधीचा विनोद त्यामुळे माफ होतो का, यावर समीक्षकांचे एकमत होणे कठीण.