तोटीचा लोटा

आकाशवाणीच्या स्टुडिओत कविता वाचायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझं वय असेल तेवीस-चोवीस. पावसाळ्याचे दिवस होते. कविता माझ्या आईवर होती. काचेपलीकडे बसलेल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी दोन ओळी ऐकल्या, हात वर केला, आत आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘कवी, सर्दी झालीय का? तुम्ही ‘माझ्या मनात’ म्हणताय, पण इकडे ‘बाझ्या बदात’ ऐकू येतंय.’’

मी ओशाळलो. पण त्यांचं खरं होतं. म आणि न या अक्षरांचा उच्चार करताना हवा नाकावाटे जावी लागते. नाक चोंदलेलं असलं की म चा ब होतो आणि न चा द. माझ्या कवितेतली माय त्या दिवशी बाय झाली. आमच्या कोकणात बायही चालते, तरी ध्वनिमुद्रण पुढच्या आठवड्यावर गेलं.

सर्दी माझी लहानपणापासूनची सोबतीण. वाफारा झाला, ओव्याची पुरचुंडी झाली, नाकात थेंब टाकून झाले. मी ज्या कॉलेजातून बी. ए. झालो, तिथले व्यायामाचे सर गावातच राहत. योगाचं शिक्षण त्यांनी लोणावळ्यात घेतलं होतं. हकीकत ऐकून ते म्हणाले, ‘‘उद्या सकाळी काही न खाता ये.’’ दुसऱ्या दिवशी त्यांनी तांब्याचं एक भांडं बाहेर काढलं. बारीक मान, बाजूला लांबट तोटी. मी पाहतच राहिलो. म्हटलं, ‘‘सर, हा तर आमच्या घरी वजूला असतो तसला लोटा!’’ सर म्हणाले, ‘‘मग अर्धं काम झालंय तुझं. नाकात पाणी घ्यायची भीती तुला नसणार.’’

भीती नव्हती, हे खरं. सहा-सात वर्षांचा असताना आजोबांनी मला मशिदीच्या हौदावर नेऊन वजू शिकवला. आधी मनगटापर्यंत हात धुवायचे, मग चूळ भरायची, मग उजव्या हातानं नाकात पाणी घ्यायचं आणि डाव्या हातानं नाक साफ करायचं, तीन वेळा. नाकात पाणी ओढण्याला अरबीत इस्तिन्शाक म्हणतात आणि ते बाहेर टाकण्याला इस्तिन्सार. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई परंपरेचे. आमच्यात हे करणं सुन्नत, म्हणजे पैगंबरांचा घालून दिलेला पायंडा. हनफी परंपरेत वजूमध्ये ते सुन्नतच आहे, पण गुस्लमध्ये, म्हणजे पूर्ण शुद्धीच्या आंघोळीत, ते फर्ज म्हणजे अनिवार्य मानतात. नाकात पाणी नीट घ्यावं, मात्र रोजा असेल तर जपून, अशी सूचना हदीसमध्ये आहे. घशात पाणी उतरलं तर रोजा मोडेल, हा त्यामागचा विचार. म्हणजे नाकाची वाट पुढे घशाला मिळते, हे वाळवंटातल्या त्या समाजाला पक्कं ठाऊक होतं.

तरीही वजू आणि सरांचा उपचार यांत फरक आहे. वजूत पाणी नाकाच्या मऊ भागापर्यंत जातं आणि लगेच बाहेर पडतं. त्यामागे हेतू शुद्धीचा असतो, सर्दीवरच्या औषधाचा नसतो. सरांच्या पद्धतीत पाणी एका नाकपुडीतून आत जातं, मागच्या बाजूनं वळसा घेतं आणि दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर पडतं. ती जलनेती.

जलनेती हजारो वर्षं जशीच्या तशी चालत आलेली आहे, असं आपण सहज म्हणून जातो. मी साहित्याचा विद्यार्थी. शब्द कुठून आला हे पाहण्याची खोड असल्यानं मी ग्रंथ उघडले. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामानं रचलेल्या ‘हठप्रदीपिके’त धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती अशी सहा शुद्धिकर्मं सांगितली आहेत. लोणावळ्याच्या कैवल्यधामनं १९७० मध्ये या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली. त्यातली नेती पाहिली आणि आश्चर्य वाटलं. ती पाण्याची नाहीच, सुताची आहे! वीतभर लांबीचं मऊ, स्निग्ध सूत नाकातून आत सारायचं आणि तोंडातून बाहेर काढायचं. आज बरेच लोक सुताऐवजी रबराची बारीक नळी वापरतात.

मग पाणी कुठे आहे? ते त्यानंतरच्या ‘घेरंडसंहिते’त सापडतं, पण वेगळ्या नावाखाली. तिथे कपालभातीचे तीन प्रकार आहेत. त्यांतल्या व्युत्क्रमात नाकपुड्यांनी पाणी ओढून तोंडावाटे टाकायचं आणि शीत्क्रमात उलट, तोंडातलं पाणी नाकावाटे सोडायचं. कफाचे दोष जावेत, हा हेतू. आयुर्वेदाची वाट आणखी निराळी. तिथे नस्य महत्त्वाचं. नाक हे मस्तकाचं दार, ही वाग्भटाची धारणा. त्या दारातून वैद्यांनी मुख्यतः तेल, तूप आणि औषधांचे रस आत पाठवले. थोडक्यात, तोटीचं भांडं आणि मोजून घातलेलं मीठ ही आपली आजची जलनेती त्या दोन हठग्रंथांत या रूपात नाही. तिचे धागे जुने आहेत, वीण मात्र बरीच अलीकडची आहे.

या विणीतलं एक ठळक नाव आपल्या जवळचं आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ चा, शिक्षण बडोद्यात. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांच्या आणि दाब मोजणाऱ्या उपकरणांच्या साहाय्यानं तपासलं. गुरूंनी सांगितलं म्हणून खरं, एवढ्यावर ते थांबले नाहीत. मोजून पाहा, मग बोला, हा त्यांचा आग्रह. माझ्या सरांनी मिठाचा चमचा सुरीच्या पात्यानं सपाट करून घेतला, तो याच शिस्तीचा वारसा असावा.

आता या मिठाची गोष्ट. लहानपणी नदीत डुंबताना नाकात पाणी गेलं की मेंदूपर्यंत झिणझिण्या जायच्या. सरांच्या लोट्यातलं पाणी मात्र नाकातून वाहिलं तरी झोंबलं नाही. याचं उत्तर युरोपातल्या प्रयोगशाळांत मिळतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्टोग हॅम्बर्गर या डच शरीरशास्त्रज्ञानं रक्तातल्या तांबड्या पेशी कमी-अधिक खारट पाण्यात ठेवून पाहिल्या. साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात, फार खारट पाण्यात आक्रसतात. सुमारे ०.९ टक्के मीठ असलं की शाबूत राहतात. म्हणजे लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. दवाखान्यात सलाइनची बाटली लावतात, तिच्यातलं प्रमाण हेच. अश्रूंचा खारटपणाही जवळपास तेवढाच. डोळ्यांच्या कोपऱ्यातून अश्रू बारीक नलिकेवाटे नाकात उतरतात, म्हणून रडताना नाक वाहतं. नाकासाठी खारं पाणी निसर्गानं आपल्या डोळ्यांतच ठेवलं आहे!

एका नाकपुडीतलं पाणी दुसरीतून का येतं, याचाही युरोपात त्याच शतकात अभ्यास झाला. माणूस तोंडानं श्वास घेत राहिला की मऊ टाळू वर उचलली जाते, घशाकडची वाट बंद होते आणि पाणी नाकातल्या नाकात वळतं. या तत्त्वावर १८६४ मध्ये लंडनमधले जर्मन वंशाचे डॉक्टर थुडिकुम यांनी नाक धुण्याची पद्धत प्रसिद्ध केली. उंचावर पाण्याचं भांडं आणि त्याला जोडलेली नळी, असं तिचं रूप. पाण्याचा दाब वाढला तर ते कानात शिरतं, हेही पुढे ध्यानात आलं. लोटा हळुवार का ओतायचा, याचं हे कारण.

आणि गुण? नाकाच्या आतल्या त्वचेवर सूक्ष्म रोम असतात. ते सतत हलत राहतात आणि धूळ-जंतू अडकलेला शेंबडाचा पातळ थर घशाकडे ढकलत राहतात. सर्दीत हा थर घट्ट होतो आणि रोमांचं वल्हवणं अडतं. खारं पाणी तो सैल करून वाहून नेतं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सायनसचा त्रास असलेल्या ७६ जणांचा सहा महिने अभ्यास केला. रोज खाऱ्या पाण्यानं नाक धुणाऱ्यांचा त्रास कमी झाला, त्यांना प्रतिजैविकंही कमी लागली. नंतरच्या आढाव्यांनी मात्र जपून बोलायला सांगितलं आहे. फायदा दिसतो, पण पुरावा अजून भक्कम नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर सर्दी गेली नाही, पण बोथट झाली. म चा म राहिला.

इथंवर गोष्ट गोड आहे. पण आजचं भाषण मी ज्यासाठी करतो आहे, ते पुढेच आहे.

माझी एक खाला फाळणीनंतर लग्न होऊन कराचीला गेली. कोकणातली बरीच घरं तिकडे आहेत. २०१२ च्या सुमाराला तिचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, ‘‘आता वजूला नाकात घालायचं पाणी आम्ही उकळून घेतो रे. नळाच्या पाण्यानं माणसं मरतायत.’’ मला वाटलं, म्हातारी काहीतरी ऐकून घाबरली आहे. मग वाचलं. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एक अमीबा गोड्या, कोमट पाण्यात वाढतो. ऑस्ट्रेलियातल्या फाउलर आणि कार्टर या डॉक्टरांनी त्यानं होणाऱ्या रोगाचं वर्णन १९६५ मध्ये केलं. तो पोटात गेला तर काही करत नाही. नाकात वरपर्यंत गेला, तर गंधाच्या मज्जातंतूंवाटे मेंदूत पोहोचतो. रोग अत्यंत दुर्मीळ, पण झाला तर बहुतेक रुग्ण दगावतात. कराचीत २००८ नंतर आढळलेल्या रुग्णांतले बरेच जण कधी पोहायला गेलेलेच नव्हते. डॉक्टरांचा संशय वजूच्या पाण्याकडे वळला. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन जण याच रोगानं गेले. दोघांनीही नेतीपात्रात घरच्या नळाचं पाणी घेतलं होतं.

वजू आणि नेती, दोन्हीकडे तोच अमीबा. पाण्यानं ना जात पाहिली, ना धर्म.

वाचून मी हादरलो. कितीतरी वर्षं मी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं, उन्हानं आपसूक कोमट झालेलं पाणी नेतीला वापरत होतो. बरं झालं, तापवायला नको, असं वर मनाशी म्हणत होतो! सर पाणी उकळून घ्यायला सांगत. मी ती पायरी आळसानं गाळली होती आणि इतरांनाही तसंच शिकवलं होतं. त्यात माझ्या बहिणीची दोन मुलं होती. त्या रात्री मी तिला फोन केला. पोरं सुखरूप होती. तरी झोप लागली नाही.

नंतर केरळातही, विशेषतः २०२४ आणि २०२५ मध्ये, अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. तेव्हा हा धोका दूरदेशीचा मानून चालणार नाही.

म्हणून सांगतो. पाणी खळखळून उकळू द्या, निदान तीन मिनिटं. मग झाकून कोमट होऊ द्या. फिल्टरचं आहे, दिसायला स्वच्छ आहे, यावर विसंबू नका. नाक धुण्याइतक्या मिठानं हा अमीबा मरेल, असंही धरू नका. अर्ध्या लिटरला चहाचा एक सपाट चमचा मीठ, थोडं कमीच. पुढे वाका, तोंडानं श्वास घ्या, लोटा हलकेच कलता करा. नंतर नाक जोरानं शिंकरू नका. भांडं धुऊन कोरडं करा. कान दुखत असेल, नाकाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा नाक पूर्ण बंद असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. लहान मुलांवर स्वतःच प्रयोग करू नका. आणि वजू करणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, टाकीचं पाणी असेल तर ते नाकात खोल ओढू नका. नाकापुरतं ओंजळभर पाणी उकळून ठेवलं, तर पायंडाही राखला जातो आणि जीवही.

माझ्या आजोबांनी मला पाण्याची वाट शिकवली, सरांनी मीठ मोजायला शिकवलं आणि कराचीच्या खालानं पाणी उकळायला. खाला आता नाही. तिनं लग्नात नेलेल्या लोट्याचा जोडीदार आमच्या घरी आहे. कल्हई करून घेतलेला. आज या स्टुडिओत यायच्या आधी त्यातूनच नाक धुऊन आलो. पाणी अर्थातच उकळलेलं होतं. काचेपलीकडच्या ताईंना मघाशी विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, ‘‘म नीट येतोय, सर. चालू द्या.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)