तीन आणे कीं पंधरा?

हिंदुस्थानचें दारिद्र्य आंकड्यांत मांडून जगापुढें ठेवण्याचें कार्य दादाभाई नौरोजी यांनीं केलें. १८७६ सालीं मुंबईंत वाचलेल्या निबंधांत त्यांनीं दरडोई उत्पन्न वर्षास अवघें २० रुपये काढलें, आणि तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्रासही याहून अधिक खर्च येतो, हें सरकारी कागदपत्रांवरूनच दाखविलें. वाद परसत्तेशीं होता. सारा देश नागवला जात असतां साऱ्या देशाची एकच सरासरी धरणें युक्तच होतें.

स्वराज्य आलें आणि तीच सरासरी निराळें काम करूं लागली. घरच्या पंगतींत कोणाच्या पानावर किती पडलें, हें ती झांकूं लागली. दहा पानांपैकीं एकावर नऊ लाडू वाढले व उरलेला एक नऊ जणांत वांटला, तरी सरासरीनें प्रत्येकास एक लाडू मिळतोच!

ऑगस्ट १९६३ मध्यें आचार्य कृपलानींनीं लोकसभेंत अविश्वासाचा ठराव मांडला. स्वतंत्र भारतांतील तो असा पहिलाच ठराव. त्यावर बोलतांना डॉ. राममनोहर लोहिया म्हणाले कीं, देशांतील २७ कोटी माणसें दररोज तीन आण्यांवर गुजराण करतात. दशमान नाणीं १९५७ सालींच सुरू झालीं होतीं. तरी गरिबाचा हिशेब अजून आण्यांतच होत होता. पंतप्रधान नेहरूंनीं नियोजन मंडळाच्या आधारें पंधरा आणे सांगितले. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा यांचा आंकडा साडेसात आण्यांचा निघाला. वाद गाजला. परंतु पंधरा आणे ही साऱ्या देशाची सरासरी होती, आणि लोहिया बोलत होते तें तळच्या थरांविषयीं. प्रश्नच दोन होते.

नेहरूंस विषमतेची जाणीव नव्हती असें नाहीं. वाढलेलें उत्पन्न कोणाच्या घरीं गेलें, हें शोधण्यास १९६० सालींच प्रा. महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमण्यांत आली होती.

थरांचा हिशेब नीट मांडला तो पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील प्रा. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं, १९७१ सालीं. १९६०-६१ च्या भावानें दरडोई दरमहा खेड्यांत १५ रुपये व शहरांत साडेबावीस रुपये, हा त्यांचा किमान खर्च. तेवढाही न झेपणारे खेड्यांत शेंकडा ४० आणि शहरांत शेंकडा ५० होते. पुढील काळांत सरासरी किंचित् वाढली. परंतु शहरांतील तळच्या पंचमांशाची स्थिति उलट खालावली. खेड्यांत सार्वजनिक कामें काढून गरिबांस रोजगार द्यावा, असा उपाय त्यांनीं सुचविला. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत लक्षावधि माणसें खडी फोडावयास आलीं, आणि १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानें संमत केला.

परक्यांशीं भांडतांना देशाची सरासरी पुरते. आपल्याच माणसांस न्याय द्यावयाचा, तर शेवटचें पान पाहावें लागतें.