गाणं त्याचं, बँजो कुणाचा?

'द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस' हे गाणं तुम्ही बहुतेक ऐकलेलं असणार. नाव आठवत नसेल, पण चाल कानावर पडली की ओळखाल. रॉबर्टा फ्लॅकने ते इतकं सावकाश गायलं आहे, की दोन ओळींच्या मधल्या शांततेतही जीव अडकतो. क्लिंट ईस्टवूडने १९७१ च्या आपल्या सिनेमात ते वापरलं. १९७२ मध्ये ते अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि पुढच्या वर्षी त्याला दोन ग्रॅमी मिळाले.

गाणं लिहिलं होतं युअन मॅकॉल या ब्रिटिश लोकगायकाने, १९५७ मध्ये, पेगी सीगर या अमेरिकन मुलीसाठी. दोघं मिळून पुढे तीस वर्षांहून अधिक काळ गायले. त्यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक लोक त्या गाण्यापाशी सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. ती त्याची प्रेरणा होती, एवढं म्हटलं की झालं. पण प्रेरणा हे काही काम नव्हे. पेगी काम करत होती, आणि ते काम नेमकं काय होतं हे बघायला हवं.

दोन घरं

युअनचं खरं नाव जेम्स मिलर. जन्म १९१५, इंग्लंडमधल्या सॅलफर्ड या धुरकट गिरणगावात. आईवडील स्कॉटिश, वडील लोखंडाच्या ओतकामात. जागतिक मंदीच्या तोंडावर पोराने शाळा सोडली आणि बेकारीच्या दिवसांत तो कम्युनिस्टांच्या पथनाट्यांत शिरला. पुढे जोन लिटलवुडबरोबर त्याने थिएटर वर्कशॉप ही नाटक मंडळी उभी केली. 'डर्टी ओल्ड टाउन' हे त्याचं गाजलेलं गाणं या सॅलफर्डवरच आहे.

पेगी १९३५ ची, न्यूयॉर्कची. शाळेत आपण 'हम होंगे कामयाब' म्हणायचो. त्याचं इंग्रजी मूळ जगभर नेणाऱ्यांत जो पीट सीगर होता, तो तिचा सावत्र भाऊ. वडील चार्ल्स संगीताचे अभ्यासक. आई रुथ क्रॉफर्ड सीगर आधुनिक अमेरिकन संगीतातली मोठी रचनाकार. संगीतरचनेसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली बाई. लग्न झालं, मुलं झाली, आणि तिचं स्वतःचं रचनाकाम जवळजवळ थांबलं. त्याऐवजी ती घरी बसून लोकगीतांच्या तबकड्या ऐके आणि एकेक सूर कागदावर उतरवून काढी. एकच ओळ पुन्हा पुन्हा लावायची, गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला, स्वर किती खाली ओढला, तेही टिपायचं. हे ऐकत पेगी लहानाची मोठी झाली. ती अठरा वर्षांची असताना आई कॅन्सरने गेली.

मार्च १९५६ मध्ये पेगी लंडनला आली. लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांना एका टीव्ही नाटकासाठी बँजो वाजवणारी मुलगी हवी होती. तिथे युअन भेटला. ती वीस वर्षांची, तो एकेचाळीसचा. घरी बायको आणि मुलगा. पुढची काही वर्षं सगळ्यांसाठीच ओढाताणीची होती. त्यातच पेगी मॉस्कोच्या युवक महोत्सवाला आणि तिथून चीनला जाऊन आल्यामुळे अमेरिकन सरकारची तिच्यावर खप्पा मर्जी झाली. ब्रिटनमध्ये राहता यावं म्हणून १९५९ मध्ये, युअनचं मूल पोटात असताना, तिने पॅरिसमध्ये अ‍ॅलेक्स कॅम्पबेल या गायक मित्राशी कागदोपत्री लग्न केलं. युअनशी कायदेशीर लग्न व्हायला १९७७ उजाडलं.

ब्रेक नसलेली गाडी

९ फेब्रुवारी १९५७. बक्स्टनहून मालगाडी घेऊन निघालेल्या जॉन अ‍ॅक्सनच्या इंजिनात स्टीम ब्रेकची नळी निकामी झाली. केबिनमध्ये उकळती वाफ भरली आणि पुढे लांबलचक उतार होता. अ‍ॅक्सनने फायरमनला उडी मारायला सांगितलं. स्वतः मात्र इंजिनाला लटकून राहिला, गाडी आवरायचा आणि पुढच्यांना सावध करायचा प्रयत्न करत. चॅपल-एन-ल-फ्रिथला गाडी दुसऱ्या मालगाडीवर आदळली. त्यात तो गेला. मागाहून त्याला जॉर्ज क्रॉस मिळाला.

बीबीसीचा निर्माता चार्ल्स पार्कर याला यावर कार्यक्रम करायचा होता. त्या काळची रीत अशी, की कामगारांशी बोलायचं, त्यावरून संहिता लिहायची आणि ती नटांकडून वदवून घ्यायची. पार्कर आणि युअन टेपरेकॉर्डर घेऊन रेल्वे कामगारांकडे गेले, अ‍ॅक्सनच्या पत्नीशी बोलले. परत येऊन टेप ऐकल्यावर कळलं, की कुठलाही नट हे असं बोलू शकणार नाही. मग मूळ आवाजच ठेवायचे ठरले आणि मधेमधे गाणी गुंफायची. 'द बॅलड ऑफ जॉन अ‍ॅक्सन' २ जुलै १९५८ ला प्रसारित झाला आणि रेडिओवर एक नवा प्रकार जन्माला आला : रेडिओ बॅलड. १९६४ पर्यंत असे आठ झाले. रस्ता बांधणारे, कोळी, खाणकामगार, पोलिओचे रुग्ण, किशोरवयीन मुलं, मुष्टियोद्धे, भटके लोक. त्यातल्या कोळ्यांवरच्या 'सिंगिंग द फिशिंग'ला १९६० मध्ये प्री इटालिया हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आज पॉडकास्टमध्ये खऱ्या माणसाचा आवाज आणि त्याखाली संगीत, यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. तेव्हा मात्र टेप ब्लेडने कापून चिकटवावी लागे. आणि माणूस काही तालात बोलत नाही. तो अडखळतो, मधेच हसतो, वाक्य अर्धं सोडतो. अशा बोलण्यातून गाणं उगवलं असं वाटायला हवं, तर त्याचा वेग आणि चढउतार ओळखून वाद्य कधी आत आणायचं, कधी बाहेर काढायचं हे कुणीतरी ठरवावं लागतं. शब्द आणि बहुतेक चाली युअनच्या. संगीत संयोजन आणि दिग्दर्शन पेगीचं. तिघांत स्वरलेखनाचं पक्कं शिक्षण झालेली तीच होती. आईने तबकड्यांवर केलेलं काम मुलगी आता टेपवर करत होती.

नाव गळणं

नॉरफकचा म्हातारा कोळी सॅम लार्नर याच्या आठवणींवरून युअनने 'शोल्स ऑफ हेरिंग' लिहिलं. युअन सांगायचा, की ते ऐकून सॅम म्हणाला, हे गाणं तर मला जन्मापासून ठाऊक आहे! पुढे कित्येकांनी ते पारंपरिकच समजून गायलं. लोकगीत लिहिणाऱ्याला याहून मोठी पावती कुठली? जात्यावरच्या ओवीला कवयित्रीचं नाव नसतं, तसंच हे.

पण नाव गळण्याचे दोन प्रकार असतात. गाणं सगळ्यांचं होतं म्हणून नाव गळतं, हा एक. नाव कागदावर असतं पण बोलताना कुणी घेत नाही, हा दुसरा. रेडिओ बॅलडच्या श्रेयनामावलीत पेगी होतीच. ओळखले मात्र ते बरेचदा युअन आणि पार्करचे म्हणून गेले. तीन मुलं वाढवणं होतंच. शिवाय तिने १९६८ पासून १९८५ पर्यंत 'न्यू सिटी साँगस्टर' हे नव्या गाण्यांचं प्रकाशन संपादित केलं, म्हणजे पुन्हा इतरांची गाणी जगापुढे आणण्याचं काम.

आणि मग १९७० च्या सुमारास, त्यांच्या गटाच्या एका कार्यक्रमासाठी गाणं हवं होतं म्हणून, तिने 'आय अ‍ॅम गॉना बी अ‍ॅन इंजिनिअर' लिहिलं. इंजिनिअर व्हायचं ठरवलेली एक मुलगी. आई म्हणते, बाईसारखी वाग. मुलगी टायपिंग शिकते, नोकरी धरते, त्या पगारावर नवऱ्याला शिकवते. इंजिनिअर तो होतो. पुढे ती स्वतः कारखान्यात उभी राहते, तर काम तेच आणि पगार कमी. शेवटी ती लढायला उभी राहते, बाई म्हणून आणि इंजिनिअर म्हणून. सगळं हसत, खोडकर चालीत सांगितलेलं आहे. माझ्या हातात इंजिनिअरिंगची पदवी आहे. वर्गात माझ्याहून चांगला कोड लिहिणाऱ्या दोन मैत्रिणी आज 'घरचं बघून जमेल तसं' काम करतात. पन्नास वर्षांपूर्वीचं गाणं ऐकताना मला त्यांचीच नावं आठवतात.

हे गाणं स्त्री-चळवळीने उचललं आणि पेगीला सभांना बोलावणी येऊ लागली. बायकांची आणखी गाणी गा, असा आग्रह होऊ लागला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपल्या पोतडीत अशी गाणी जवळपास नाहीतच. जुन्या बॅलडमध्ये बायका होत्या, पण फसवलेल्या, सोडून दिलेल्या, नदीकाठी मारून टाकलेल्या. मग ती बायकांशी बोलून त्यांच्यावर गाणी लिहू लागली. टेप लावायची, ऐकायचं, माणसाच्याच शब्दांतून गाणं काढायचं. रेडिओ बॅलडची पद्धत, पण आता लिहिणारी ती.

युअन १९८९ मध्ये गेला. त्याची दोनशेच्या आसपास गाणी स्वरलिपी आणि टिपांसह पुस्तकात आणण्याचं काम पेगीनेच केलं. त्याआधी, १९९८ मध्ये, तिचं स्वतःच्या गाण्यांचंही पुस्तक आलं होतं. ऐंशी ओलांडल्यावर तिने आत्मचरित्र लिहिलं, मुलांबरोबर नवे अल्बम केले, आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर, २०२५ मध्ये, निरोपाचा दौरा केला.

आज रात्री इअरफोन लावून 'द बॅलड ऑफ जॉन अ‍ॅक्सन' ऐका. तासाभराचा आहे. इंग्रजी उच्चार जड जातील, पहिली पाच मिनिटं धीर धरा. गाणारा आवाज युअनचा आहे, तो तुम्हाला आपोआप ऐकू येईल. त्याच्या मागे पाच तारांचा एक बँजो रुळांवरच्या चाकांसारखा धावतो आहे, तो मात्र लक्ष देऊन ऐकावा लागतो. तो पेगीचा आहे.