निजवायची गोळी

रात्रीचे साडेदहा. लेक दोन वर्षांची. डोळे लाल झालेत, पण झोपायचं नाव नाही. पाणी हवं, मग शू, मग गोष्टीतला तोच कोल्हा पुन्हा. अकराला अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर माझा कॉल. कपाटात तिचं मागच्या सर्दीचं औषध उरलं होतं. ते घेतलं की गुंगी येऊन ती ढाराढूर झोपायची. झोपेसाठी ते द्यायचं नसतं हे ठाऊक असूनही मी बाटली हातात घेतली.

"तुझ्या आजोबांनाही असंच निजवायचे," मागून आजी म्हणाली. "बाळागोळी देऊन."

मला वाटलं, बाळगुटीसारखं काहीतरी असेल.

"अफू रे," आजी म्हणाली.

आजोबा १९३२चे. पणजी लालबागला गिरणीत, वाइंडिंग खात्यात. १९२२च्या कायद्याने कामाचा दिवस जास्तीत जास्त अकरा तासांचा केला होता, आणि ती सुधारणा होती! बाळ शेजारच्या म्हातारीकडे. खोली एक, माणसं सहा, त्यात कुणी रात्रपाळी करून आलेलं. मूल रात्री रडलं तर सगळ्यांची झोप जाणार आणि सकाळी भोंगा थांबणार नाही. अफू बेकायदा नव्हती. सरकारी परवान्याच्या दुकानात मिळायची, तिचा महसूल सरकारी तिजोरीत जायचा.

हे एकट्या पणजीचं नव्हतं. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणीतल्या बायकांची पाहणी केली. त्यांचा अहवाल १९२२चा. त्यात या बायकांच्या १०० बाळांपैकी ९८ बाळांना अफू दिली जात असल्याची नोंद आहे. आमच्या धंद्यात याला अपवाद म्हणत नाहीत, डिफॉल्ट सेटिंग म्हणतात. तरी तेव्हाचे शहाणे लोक आयांच्या अडाणीपणावर बोट ठेवायचे. मला त्यात गिरणीचं घड्याळ दिसतं.

अफूने नुसती झोप येत नाही. भूक मरते, श्वास मंदावतो. उपाशी बाळ रडतच नाही, म्हणून त्याला पाजायचं राहून जातं. ते वाळत जातं, आणि बघणारा म्हणतो, किती गुणी पोर! मात्रा जरा जास्त झाली तर श्वास थांबतो.

"आजोबांच्या आधी एक मुलगा होता," आजी म्हणाली. "सासूबाई पाळी संपवून आल्या, तर तो उठेचना. गोळीचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पण आजोबांना पुढे अर्धीच द्यायच्या."

"नाव काय होतं त्याचं?"

"बारसं झालं होतं की नाही, तेही मला ठाऊक नाही."

बाटली मी परत कपाटात ठेवली. अकराला पाच कमी होते. फोनवर 'उशीर होईल' एवढंच टाइप केलं, कारण दिलं नाही. दिवा मालवला.

अंधारातून आवाज आला, "बाबा, कोल्हा."