मानपान बेटावरही: 'सी व्हेंचर' जहाज आणि एका आचाऱ्याचे लग्न

१.
विरुद्ध स्वभावाची, विरुद्ध थरांतली दोन माणसे निर्जन बेटावर अडकतात. आधी कडाडून भांडतात, मग एकमेकांसाठी घास राखून ठेवू लागतात आणि क्षितिजावर जहाज दिसेपर्यंत प्रेमात पडलेली असतात. विनोदी प्रेमकथांची ही जुनी वहिवाट आहे. तिच्यामागे एक गृहीत दडलेले असते: शहर मागे राहिले की उच्चनीचताही समुद्रात बुडते.

हे गृहीत खरे आहे काय? कल्पित कथा बाजूला ठेवून एक घडलेले प्रकरण पाहू. १६०९ साली सुमारे दीडशे इंग्रज बर्म्युडाच्या निर्जन बेटांवर साडेनऊ महिने अडकले. त्यांत उमराव होते, दर्यावर्दी होते, धर्मोपदेशक होता, दासी होत्या आणि एक आचारीही होता.

२.
पार्श्वभूमी थोडक्यात अशी. व्हर्जिनिया कंपनीने १६०७ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर जेम्सटाउन ही वसाहत स्थापिली. ती उपासमारीने आणि अंतर्गत कलहाने खंगत चालली, तेव्हा १६०९ च्या जून महिन्यात प्लिमथहून नऊ जहाजांचा ताफा तिच्या मदतीस निघाला.

ताफ्याचे तीन प्रमुख होते: वसाहतीचा नियोजित राज्यपाल सर थॉमस गेट्स, आरमारप्रमुख सर जॉर्ज सोमर्स आणि कप्तान ख्रिस्तोफर न्यूपोर्ट. शहाणपण असे सांगते की तीन प्रमुखांनी तीन जहाजांतून जावे. एक बुडाले तरी दोघे उरतील. परंतु अग्रमान कोणाचा यावर त्यांचे एकमत होईना, म्हणून तिघांनीही 'सी व्हेंचर' या एकाच जहाजातून जाण्याचे ठरविले, असे जॉन स्मिथ नोंदवितो. वऱ्हाडातील मानपानाचा तंटा आपल्याला परिचित आहे. येथे त्या तंट्यापायी एका वसाहतीचे सारे नेतृत्व एकाच तळाच्या भरवशावर समुद्रात उतरले.

३.
२४ जुलैला वादळाने गाठले. जहाजाच्या फळ्यांमधील फटींत ठोकून बसविलेले बोळे निसटले आणि तळात पाणी भरू लागले. माणसे मेणबत्त्या घेऊन गळती शोधत फिरत. हाती लागेल ते भोकांत कोंबले जाई. एक भोक तर गोमांसाच्या तुकड्यांनी बुजविले, असे त्या जहाजावरील विल्यम स्ट्रेची या गृहस्थाने लिहून ठेविले आहे.

चार दिवस पाणी उपसणे अखंड चालले. ज्यांनी जन्मात कष्टाचे काम केले नव्हते, ते सभ्य गृहस्थ उघड्या अंगाने खलाशांच्या शेजारी राबले. राज्यपाल आणि आरमारप्रमुखही आपली पाळी चुकविनात. २८ जुलैला जहाज बर्म्युडाच्या खडकांमध्ये अडकले आणि आश्चर्य असे की सर्वच्या सर्व माणसे जिवंत किनाऱ्यास लागली. त्यांच्याबरोबर जहाजाचा कुत्राही.

४.
बर्म्युडाला त्या काळचे दर्यावर्दी 'सैतानांची बेटे' म्हणत. रात्री तेथून चित्रविचित्र किंकाळ्या ऐकू येत. उतरल्यावर कळले की सैतान म्हणजे समुद्रपक्षी आणि पूर्वीच्या कुण्या जहाजांनी सोडलेली डुकरे. सैतान चवीला फार उत्तम निघाले!

काहाउ नावाचा पक्षी धरण्याची रीत तर प्रहसनात शोभावी अशी होती. अंधाऱ्या रात्री खडकावर उभे राहून मोठमोठ्याने ओरडायचे, हसायचे, हवा तितका गोंगाट करायचा. पक्षी आवाजाच्या दिशेने येत आणि ओरडणाऱ्याच्या अंगाखांद्यावर बसत. मग त्यांतले वजनदार निवडायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे. (हाच पक्षी पुढे नामशेष झाला असे मानले गेले आणि १९५१ मध्ये पुन्हा सापडला.) मासे, कासवे, कासवांची अंडी, डुकरे यांची रेलचेल होती, हवा निरोगी होती. जेथे मरण यावे अशी अपेक्षा होती, तेथे माणसे बाळसे धरू लागली.

५.
आता लग्नाकडे वळू. २६ नोव्हेंबर १६०९ रोजी या बेटावर एक विवाह झाला. वर थॉमस पॉवेल, सर जॉर्ज सोमर्स यांचा आचारी. वधू एलिझाबेथ पर्सन्स, श्रीमती हॉर्टन नावाच्या बाईंची दासी.

कादंबरीकाराने येथे सरदारकन्या आणि खलाशी यांची जोडी जमविली असती. इतिहासाने आचारी आणि दासी यांची जमविली. बेटावर विस्तवापाशी, शिकारीत, लाकूडतोडीत सारे मिसळले होते. तरी विवाहवेदीपाशी प्रत्येकजण आपल्या पायरीवरच उभा राहिला. नोंदही पाहा: दोघांचीही ओळख त्यांच्या मालकांच्या नावाने दिली आहे.

परंतु या नोंदीची दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमध्ये असता या जोडप्याचे नाव फार तर एखाद्या चर्चच्या वहीत पडून राहिले असते. बेटावर माणसेच इतकी थोडी की स्ट्रेचीसारख्या सुशिक्षित गृहस्थाला एका आचाऱ्याचे लग्नही राज्यपालांच्या कारभाराइतकेच लिहून ठेवण्याजोगे वाटले. त्याचे हे दीर्घ पत्र १६२५ मध्ये छापले गेले. बेटाने त्यांना समान केले नाही. मात्र दिसण्याइतके मोठे केले.

६.
मग समतेचा प्रश्न कोणीच विचारला नाही काय? विचारला. स्टीफन हॉपकिन्स हा धर्मोपदेशकाचा मदतनीस, शास्त्रवचने मुखोद्गत असलेला मनुष्य. १६१० च्या जानेवारीत तो सोबत्यांना सांगू लागला की आमचा करार व्हर्जिनियाला जाण्याचा होता. जहाज फुटले तेथेच राज्यपालाची सत्ता संपली. येथे देवाच्या कृपेने मुबलक अन्न आहे. कोणाच्या हुकमाने आम्ही उपासमारीकडे जावे?

युक्तिवाद बिनतोड होता, आणि म्हणूनच धोक्याचा. हॉपकिन्सला मृत्युदंड सुनावण्यात आला. तो बायकामुलांची नावे घेऊन असा रडला की बड्या मंडळींनाच द्रव आला आणि त्याला क्षमा मिळाली. हाच मनुष्य १६२० मध्ये 'मेफ्लॉवर' जहाजातून पुन्हा अमेरिकेस गेला, असे मानले जाते.

हेन्री पेन याला मात्र क्षमा मिळाली नाही. त्याने पहाऱ्याच्या नायकावर हात टाकला आणि राज्यपालाचा अधिकार धुडकावला. त्याला फाशी ठरली. तेव्हा त्याने विनंती केली की आपण सभ्य कुळातले आहोत, तेव्हा फासावर न लटकविता गोळी घालावी. विनंती मान्य झाली. राज्यपालाची सत्ता नाकारणाऱ्या माणसानेही मरताना आपला दर्जा तेवढा मागून घेतला. येथे हसू ओठांवरच थिजते.

७.
दरम्यान दोन्ही प्रमुखांचे जमत नव्हतेच. गेट्स आणि सोमर्स यांचे तळ वेगळे झाले आणि जहाजेही वेगळी बांधली जाऊ लागली. गेट्सच्या जहाजाचे नाव 'डिलिव्हरन्स', म्हणजे सुटका. सोमर्सच्या छोट्या जहाजाचे 'पेशन्स', म्हणजे धीर. दोघांच्या स्वभावावरची टिप्पणी म्हणूनही ही नावे खपावीत. बेटावरील सीडरच्या लाकडाचे हे 'पेशन्स' जवळजवळ लोखंडाविना उभे राहिले. त्यात लोखंडाचा म्हणून एकच खिळा होता.

१० मे १६१० रोजी दोन्ही जहाजे निघाली. जेम्सटाउनला पोहोचल्यावर काय दिसले? शेकडो वसाहतकऱ्यांपैकी साधारण साठ सांगाडे तेवढे जिवंत उरले होते. बेटावर अडकलेले लोक खाऊनपिऊन धष्टपुष्ट होते आणि ज्यांना वाचवायला ते निघाले होते ते भुकेने मेले होते. हॉपकिन्सचा मुद्दा इतका दारुणपणे खरा ठरला.

८.
या प्रवाशांतच जॉन रॉल्फ होता. बेटावर त्याला मुलगी झाली. तिचे नाव 'बर्म्युडा' ठेविले. ती तेथेच वारली. पुढे पत्नीही गेली. व्हर्जिनियात त्याने तंबाखूची लागवड केली आणि ५ एप्रिल १६१४ रोजी पाउहाटन प्रमुखाची कन्या पोकाहोंटास हिच्याशी विवाह केला.

विरुद्धांच्या प्रेमाची कथा हवी असेल तर ती येथे आहे. पण विवाहाची परवानगी मागणारे रॉल्फचे पत्र वाचणाऱ्यास प्रेमपत्र कमी आणि सरकारी अर्ज अधिक भासते: हा विवाह देहवासनेसाठी नसून वसाहतीच्या हितासाठी, देशाच्या मानासाठी, देवाच्या गौरवासाठी आणि आपल्या आत्म्याच्या उद्धारासाठी आहे, असे तो पुनःपुन्हा बजावतो. मग मध्येच कबूल करतो की मन कधीचे तिच्यात गुंतले आहे आणि सुटता सुटत नाही. बिचारा!

मात्र वधूची बाजू विसरू नये. १६१३ मध्ये इंग्रजांनी तिला फसवून पकडले होते. विवाहसमयी ती त्यांच्याच ताब्यात होती. तिच्या हातचे असे कोणतेही पत्र नाही. १६१७ मध्ये इंग्लंडमध्येच ती निवर्तली.

९.
या जहाजफुटीचे वृत्त लंडनला पोहोचले आणि शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट' नाटकात त्याचे पडसाद उमटले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १ नोव्हेंबर १६११ रोजी ते राजदरबारी सादर झाले. त्यात राजपुत्र फर्डिनंड मिरांडासाठी ओंडके वाहतो, नोकराचे काम हसत करतो. पण तो राजपुत्र आहे हे प्रेक्षक क्षणभरही विसरत नाही; म्हणूनच ते दृश्य गोड वाटते.

१९०२ मध्ये जे. एम. बॅरी याने 'द ॲडमिरेबल क्रायटन' या विनोदी नाटकात हा खेळ पुरता उलटविला. उमरावाचे कुटुंब बेटावर अडकते. कामाचा माणूस एकच, त्यांचा बटलर. तो राजा बनतो आणि उमरावकन्या मेरी त्याच्याशी लग्नास आनंदाने तयार होते. तेवढ्यात तोफेचा आवाज येतो. खुणेचा जाळ पेटवितो तो बटलरच, आणि लंडनला परतून पुन्हा अदबीने उभा राहतो.

१०.
चारही गोष्टी एकत्र ठेवल्या की प्रारंभीच्या गृहीताचे उत्तर मिळते. उच्चनीचता बुडत नाही. ती प्रवाशांबरोबर पोहत किनाऱ्यास लागते. कारण ती जहाजाच्या फळ्यांत नसते, माणसांच्या सवयींत असते. बेट एवढेच करते की ती उघडी पाडते: पाणी उपसताना उमराव आणि खलाशी यांचे हात सारखेच असतात हे चार दिवस सर्वांना दिसते, आणि पाचव्या दिवशी ते विसरण्यासाठी केवढा खटाटोप करावा लागतो हेही दिसते. या प्रेमकथांतला विनोद त्या खटाटोपातून जन्मतो.

पुढच्या वेळी बेटावरची अशी प्रेमकथा वाचाल तेव्हा नायक-नायिकेबरोबर एक प्रश्नही सोबत ठेवा: स्वयंपाक कोण करीत आहे? बर्म्युडावर त्याचे उत्तर थॉमस पॉवेल असे होते, आणि निदान एका नोव्हेंबरच्या दिवशी त्या वृत्तांताचा नायक तोच होता.